मनगटातली नस कापत नाहीत

गेल्या महिन्यात एक मेसेज जळगाव-भुसावळकडच्या आमच्या नातेवाइकांच्या जवळजवळ सगळ्या ग्रुपवर फिरला. मजकूर थोडक्यात असा: रात्री हाताला मुंग्या येतात म्हणजे वात झालाय, हाताला रक्त पोहोचत नाही. कोमट तेलाने मनगट जोरात रगडा, बी-12 घ्या. हा कॉम्प्युटरवाल्यांचा आजार, शेतात राबणाऱ्यांना होत नाही. डॉक्टरकडे गेलात तर ते नस कापतील आणि हात कायमचा लुळा पडेल. असंच ऐकून माझ्या आईने दोन वर्षं अंगावर काढली, म्हणून एकेक मुद्दा घेते.

रक्ताचं आधी. आई रात्री उठून हात झटकायची, "मना हात मरी गया व माय" म्हणायची. तेव्हाही हात गरम असायचा, नाडी नीट लागायची. रक्त पोहोचत होतं, दबली होती ती नस. मनगटाच्या आत हाडांची एक अरुंद वाट असते, तिच्यावर जाड पट्ट्यासारखं छत. त्या वाटेने बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि मिडियन नर्व्ह नावाची नस जाते. आत सूज आली की नस चेपते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. ओळखायची खूण साधी आहे. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात. करंगळी सहसा सुटते, कारण तिची नस त्या वाटेने जातच नाही. रात्री त्रास वाढतो, कारण झोपेत मनगट वाकून राहतं. मात्र एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, त्यासोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो लकवा असू शकतो. तेव्हा लगेच हॉस्पिटल गाठायचं.

"शेतात राबणाऱ्यांना होत नाही" हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. कीबोर्डशी या आजाराचा संबंध फारसा पक्का नाही. जोर लावून पुन्हा पुन्हा केलेलं हाताचं काम आणि हादरे देणारी यंत्रं, यांच्याशी तो जास्त पक्का आहे. आता आपल्याकडच्या बायकांचे हात आठवा. दिवाळीपासून कापूस वेचणी, सकाळ-संध्याकाळ म्हशीची धार, उन्हाळ्यात बिबडे आणि पापड, रोज थापलेल्या कळण्याच्या भाकरी. त्यात मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, वाढलेलं वजन आणि गरोदरपण यांनीही हा त्रास होतो. गरोदरपणातला बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो जास्त होतो. म्हणून शुगर आणि थायरॉइड तपासून घ्यायला हवं. आईचा थायरॉइड तसाच सापडला.

तेल लावायला हरकत नाही. पण दबलेल्या जागी जोरात रगडून छत सैल होत नाही. बी-12 कमी असेल तर गोळ्या घ्यायलाच हव्यात, पण त्या कमतरतेच्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात. "नसांच्या गोळ्यां"मध्ये अनेकदा बी-6 असतं, आणि ते जास्त मात्रेत बरेच दिवस घेतलं तर उलट नसांनाच इजा होते. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

सुरुवातीच्या त्रासावर खरा उपाय स्वस्त आहे: रात्री मनगटाला पट्टा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्ट्यातली धातूची पट्टी बऱ्याचदा मनगट मागे वाकवते. ती हाताने सरळ करून घ्यायची, मनगट सरळच राहिलं पाहिजे. निदान सहा आठवडे रोज रात्री बांधायचा. त्याने भागलं नाही तर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो, मधुमेह असेल तर काही दिवस शुगर वाढू शकते. मानेतली नस दबूनही असंच होतं, म्हणून शंका असेल तर नसांची विद्युत तपासणी करतात.

आता ऑपरेशन. कापतात ते वरचं छत, नस नव्हे. जागा बधिर करून तळव्यावर छोटी चीर घेतात, त्याच दिवशी घरी सोडतात. पुढे काही आठवडे तळवा दुखतो, मूठ आवळायला जोर कमी पडतो. वेचणीच्या हंगामात हे जड जातं, तेव्हा दिवस बघून ठरवावं. पण फार लांबवू नये, कारण नस खूप दिवस दबून राहिली की अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खपाटीला जातो आणि तो भरून येईलच असं नाही.

आईच्या उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. रात्रीच्या मुंग्या पहिल्याच आठवड्यात थांबल्या, पण तो उंचवटा काही भरला नाही. पोलक्याचे हुक मीच लावून देते. डाव्या हाताला पट्टा वेळेवर बांधला होता, त्या हाताने ती अजून धार काढते.