डोळ्याला झोंबली म्हणजे दिसली नव्हे

जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाच्या सुमारास निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात मोबाइलवर एक मजकूर फिरतो. पाचही इंद्रिये वस्तूला भिडूनच जाणतात, यावर आपल्या सर्व दर्शनांचे एकमत आहे. डोळ्यातून तेज बाहेर जाते, मांजराचे चमकणारे डोळे हा पुरावा. संकेश्वरी मिरची भाजताना डोळे चुरचुरतात, म्हणजे डोळाही स्पर्शानेच जाणतो. आणि हे सगळे विज्ञानाने मान्य केले आहे, असे त्यात म्हटलेले असते.

पहिले, एकमत. ते कधीच नव्हते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, पाचही इंद्रियांना प्राप्यकारी, म्हणजे विषयाला भिडून जाणणारी, मानतात. बौद्ध आचार्य वसुबंधूंच्या मते डोळा, कान आणि मन ही तिन्ही अप्राप्यकारी, म्हणजे न भिडता जाणणारी. जैन मतात डोळा आणि मन एवढीच दोन, कान प्राप्यकारी. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ‘न चक्षुरनिन्द्रियाभ्याम्’ आहे: व्यंजनावग्रह, म्हणजे विषय भिडल्यावरची पहिली अस्फुट जाणीव, डोळ्याला आणि मनाला होत नाही. कोऱ्या मातीच्या परळात दोन-तीन थेंब जिरून जातात, टाकत राहिले की तो ओला होतो, तशी ही जाणीव. पर्वात या ग्रंथाचा रोज एक अध्याय वाचला जातो, तेव्हा हे सूत्र पहिल्याच दिवशी कानावर पडते. तरीही मजकूर पुढे ढकलला जातो, याची गंमत वाटते.

मांजराचा दाखला मात्र मजकूरवाल्याचा नाही. रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांचे किरण दिसतात, हा युक्तिवाद न्यायसूत्रातच आहे. पण मांजराच्या दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो आणि बाहेरून आलेला उजेड त्यावरून परततो. टॉर्च आपल्या डोळ्यालगत धरून मांजराकडे रोखा, डोळे चमकतील. टॉर्च हातभर बाजूला नेला की चमक ओसरते. मिट्ट काळोखात ती दिसतच नाही.

मिरचीचा मुद्दा सर्वांत कच्चा. भाजताना उडालेला तिखट अंश डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या चेतातंतूंना डिवचतो. नाकातला, घशातला ठसकाही तसाच. तो वास नव्हे. जुन्या परिभाषेत हे काम स्पर्शनेंद्रियाचे, आणि ते डोळ्यासकट सर्वांगभर असते. चुरचुरण्याने मिरचीचा लाल रंग कळत नाही. जैन आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या तत्त्वार्थसूत्रावरच्या टीकेत नेमके हेच विचारले आहे: डोळा प्राप्यकारी असता, तर त्याला लागलेले अंजन त्याने पाहिले नसते का?

राहिले विज्ञान. न्यायमतात किरण डोळ्यातून वस्तूकडे जातो. प्रत्यक्षात उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो. दिशाच उलटी. पण म्हणून जैन मतावरही शिक्का बसत नाही: वस्तू भिडत नसली तरी प्रकाश दृष्टिपटलावर पडतोच. अंजन दिसत नाही याचे कारणही वेगळे, इतक्या जवळच्या वस्तूची प्रतिमा भिंगाला जुळवता येत नाही.

कान न भिडता ऐकतो, हे बौद्ध मत मात्र अडचणीत येते. दगडखाणीतला सुरुंग एक किलोमीटरवरून पाहिला तर धुरळा आधी दिसतो, आवाज सुमारे ३ सेकंदांनी पोचतो, कारण हवेत त्याचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. खाणीतली हवा मात्र तिथेच राहते, पुढे सरकतो तो दाब. याला सर्वांत जवळ जाते ते नैयायिकांचेच वीचीतरंगाचे स्पष्टीकरण: लाटेतून लाट, तसा शब्दातून शब्द. ध्वनी आकाशाचा गुण, हा त्यांचा पुढचा भाग मात्र टिकत नाही.