टाळ्या मिळाल्या, क्लब गेला

फ्रेंच कपचा, म्हणजे फ्रान्सच्या फुटबॉलमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा, विषय निघाला की कुणीतरी कॅलेचा तो फोटो टाकतंच. दोन संघांचे कॅप्टन, मध्ये एकच कप, खाली लाइक्सचा पाऊस आणि ‘याला म्हणतात खेळ!’ प्रसंग खराच आहे. पण गोष्ट तिथेच संपवतात, त्याचा मला वैताग येतो.

कॅले म्हणजे इंग्लिश खाडीवरचं बंदर, पलीकडे डोव्हर. तिथला क्लब १९०२ सालचा. २००० साली तो चौथ्या विभागात खेळत होता, म्हणजे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव. कोच होते लादिस्लास लोझानो. फ्रेंच कपमध्ये हौशी क्लबांनाही उतरता येतं. बडे क्लब उशिरा येतात आणि धाकटा दोन विभाग खाली असेल तर सामना त्याच्या घरी होतो. त्यामुळे दरवर्षी एखाद्या मोठ्या क्लबची फजिती होतेच, पण कॅलेने तर हद्दच केली. लील आणि कानला पेनल्टी शूटआउटमध्ये काढलं, स्त्रासबूरला २-१ हरवलं. मग सेमीफायनलला बोर्दो, आदल्या हंगामातले लीग विजेते! कॅलेचं मैदान एवढ्या गर्दीला पुरणारं नव्हतं, म्हणून सामना लाँसला झाला. जादा वेळेत ३-१, कॅले फायनलमध्ये.

७ मे २०००, स्ताद द फ्रान्स. ३४व्या मिनिटाला द्युतित्रने गोल मारला आणि मध्यंतरापर्यंत हे नोकरदार पहिल्या विभागातल्या नाँतच्या पुढे होते. परत येताच नाँतच्या सिबिएर्स्कीने बरोबरी साधली. जादा वेळ होणार असं वाटत असताना ९०व्या मिनिटाला नाँतचा कॅवेग्लिया बॉक्समध्ये पडला आणि पेनल्टी मिळाली. ती मला आजतागायत पटलेली नाही, पण तेव्हा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणं, कुठे होतं? पुन्हा सिबिएर्स्की, २-१. मग नाँतचा कॅप्टन, अवघ्या २० वर्षांचा गोलकीपर मिकाएल लाँद्रो, याने कॅलेच्या रेजिनाल्ड बेकला वर बोलावलं आणि दोघांनी मिळून कप उचलला. त्या वयात हे सुचणं मोठंच. त्याबद्दल वाद नाही.

पुढचं मात्र कुणी लिहीत नाही. २००६ला कॅले पुन्हा क्वार्टर-फायनलपर्यंत गेला आणि पुन्हा नाँतकडूनच १-० हरला. २००८ला सुमारे १२ हजार जणांचं नवं स्टेडियम झालं, त्याला नावही २०००च्याच पराक्रमावरून. स्टेडियम पहिल्या विभागाला शोभणारं, तिजोरी मात्र हौशी क्लबची. क्लब पैशांच्या अडचणीत रुतत, खाली घसरत गेला आणि २०१७ला दिवाळखोरीत निघाला. ११५ वर्षांचा क्लब संपला. तेव्हा तो फोटो टाकणारे कुठे होते?

याच्या शेजारी मला गँगाँ ठेवावासा वाटतो. ब्रिटनीतलं जेमतेम ७ हजार वस्तीचं गाव, स्टेडियममध्ये जागा १८ हजार. १९७२ला नोएल ल ग्राए नावाचा उद्योजक अध्यक्ष झाला. एकेक पायरी चढत त्यांनी पहिला विभाग गाठला. पुढे जगभर गाजलेला स्ट्रायकर द्रोग्बा तिथे खेळला आणि मग मार्से या बड्या क्लबकडे गेला. २००९ला दुसऱ्या विभागात असताना त्यांनी कप जिंकला, २०१४ला परत, आणि दोन्ही वेळा फायनलला समोर शेजारचं मोठं शहर रेन! २०१९ला ते पहिल्या विभागातून घसरले खरे, पण क्लब टिकला. यावर भावुक पोस्ट कोण लिहिणार? दोनदा कप उचलूनही यांचा फोटो कुणाच्या वॉलवर दिसत नाही.

‘पण कॅलेने स्वप्न दाखवलं’ असं कमेंटमध्ये येणारच, म्हणून हेही सांगतो. मे २०१८मध्ये तिसऱ्या विभागातला लेझ एर्बिए फायनलला पोचला. पीएसजी या पॅरिसच्या बड्या क्लबकडून २-० हरला. पीएसजीचा कॅप्टन थियागो सिल्वाने लेझ एर्बिएच्या कॅप्टनला बोलावून सोबत कप उचलला, पुन्हा टाळ्या, पुन्हा तसाच फोटो. तीन दिवसांनी लीगचा शेवटचा सामना हरून लेझ एर्बिए चौथ्या विभागात गेला.