बालयोगी घडवताना घ्यावयाची काळजी

आपले अपत्य अडीच वर्षांचे झाले असेल आणि अद्याप त्याला स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देता येत नसेल, तर आपण बराच उशीर केला आहे हे प्रथम मान्य करावे. शेजारच्या इमारतीतील त्याच वयाचे मूल वृक्षासनात उभे राहते आणि त्याची आई तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर न चुकता टाकते. तथापि निराश होण्याचे कारण नाही. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून जाहीर केला, ही आपल्याकडच्या शाळांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. कारण आपल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि त्यामुळे नव्या गणवेशाची घडी मोडते न मोडते तोच मुलांना सतरंजीवर ओळीने बसवता येते. त्या आठवड्यात शिशुवर्गातील निम्मी मुले आईसाठी रडत असतात. परंतु रडतानाही श्वास आत-बाहेर होतच असतो आणि प्रास्ताविक प्राणायामाला तेवढे पुरते.

अभ्यासक्रमाचा क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा. पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली असून त्यांत आसन तिसरे येते. त्याआधी यम आणि नियम येतात, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), अपरिग्रह (गरजेपेक्षा अधिक न साठवणे), संतोष इत्यादी बरीच गैरसोयीची मंडळी. व्यवहारी पालकाने या दोन्ही पायऱ्या ओलांडून थेट तिसरीवर पाय ठेवावा, कारण आसन शिकवताना मूल स्वतःच्या पायाकडे पाहते, पण यम शिकवू लागताच ते शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागते. त्याच्या मनात सत्य खरोखरच रुजले, तर वर्गणी मागायला आलेल्यांना ‘बाबा घरी नाहीत’ असे दारातून कोण सांगणार? एसटीत वाहकाने वय विचारल्यावर सहा वर्षांचा मुलगा ‘मला पाच पूर्ण व्हायची आहेत’ असे म्हणेनासा झाला, तर अर्ध्या तिकिटाचा भुर्दंड कोणी सोसायचा? अहिंसेचा पाठ गृहपाठाच्या वेळेत बसत नाही. अपरिग्रहाचा पाठ तर सुरूच करू नये, कारण हत्तीचे चित्र असलेली चटई, तिला साजेसा पोशाख, त्याच रंगाची पाण्याची बाटली आणि ध्यान संपल्याची सूचना देणारी पितळी वाटी यांची खरेदी त्याआधीच झालेली असते.

आसन स्थिर आणि सुखकर असावे, असे सूत्र आहे. यातील स्थैर्यावर भर द्यावा. सुखाची हमी प्रवेश अर्जात दिलेली नसते. लहान मुलांना मार्जारासनात म्यांव करण्याची आणि भुजंगासनात फूत्कार टाकून शेजारच्याच्या दंडाला चावण्याची ऊर्मी येते, तिला वेळीच आवर घालावा, नाहीतर मुलांना हा प्रकार आवडू लागण्याचा धोका असतो. शवासन सर्वांत अवघड. पाच वर्षांच्या मुलाला ‘शव’ कशाला म्हणतात हे समजावून सांगितले की ते ‘मग आजोबांना आसन येत होतं का?’ असे विचारते, आणि या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रशिक्षकाच्या पुस्तिकेत दिलेले नाही. त्या वेळी दिवे मंद करून बासरीचा आवाज वाढवावा.

माइंडफुलनेसच्या, म्हणजे चालू क्षणाकडे पूर्ण लक्ष देण्याच्या, वर्गात सहसा मनुक्याचा एक प्रयोग असतो. मनुका तळहातावर घेऊन न्याहाळायचा, हुंगायचा, त्याच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवायचे आणि मग अगदी सावकाश चावायचा. आपले मूल हेच काम घरी पोह्यांतल्या शेंगदाण्यांवर फुकट करीत असते, परंतु त्या वेळी ‘आटप लवकर, रिक्षावाले काका खाली उभे आहेत’ असे ओरडून त्याला भानावर आणणे इष्ट ठरते. कारण मनुक्याच्या वर्गाला शुल्क आहे आणि शेंगदाण्यांना ते नाही. वर्गाची वेळ अबॅकस आणि स्केटिंग यांच्या मधल्या पाऊण तासात बसवावी. त्या दोहोंमुळे आलेला ताण तेथे उतरतो आणि तिसऱ्या शिकवणीसाठी जागा मोकळी होते.

संतोष या नियमाबद्दल कोणी छेडलेच, तर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनांना स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आहे, हे ठणकावून सांगावे. संतोष आता पदकाच्या रूपाने मिळू शकतो, आणि रौप्यपदक मिळाल्यास असंतोषही. ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांतील आठ हजारांवर मुलांवर माइंडफुलनेसच्या शिक्षणाचा मोठा अभ्यास झाला आणि नेहमीच्या शालेय शिक्षणापेक्षा त्याचा मुलांच्या मनःस्वास्थ्याला अधिक लाभ झाल्याचे त्यात आढळले नाही, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. याने विचलित होऊ नये. ती मुले अकरा ते चौदा वर्षांची होती. आपले मूल अजून शिशुवर्गात असल्यामुळे निकालाची चिंता करायला काही वर्षे हाताशी आहेत. त्या अभ्यासातल्या बहुतेक मुलांनी घरी सराव फारसा केलाच नाही, असेही दिसून आले. घरी कोण करीत होते, हे कोणी विचारल्याचे मात्र ऐकिवात नाही.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रुजवले, हा इतिहास रथसप्तमीच्या भाषणात अवश्य सांगावा. ते स्वतः नेमाने नमस्कार घालीत असत, हा तपशील मात्र गाळावा, कारण मुले असल्या गोष्टी नेमक्या लक्षात ठेवतात आणि पुढे रविवारी सकाळी अंथरुणाशी येऊन उभी राहतात. अशा प्रसंगी ‘माझा गुडघा दुखतो’ हे कारण एकदाच चालते. दुसऱ्या रविवारी मुलाने आपल्या चटईशेजारी जुनी चादर अंथरून ‘बसा ना बाबा’ असा हट्ट धरलाच, तर ऑफिसचा फोन आल्याची खूण करून गॅलरीत जावे, दार ओढून घ्यावे आणि आतले शवासन संपेपर्यंत कानाला लावलेला मोबाइल खाली घेऊ नये.