सर्व्हर रजिस्टर करा आणि लोकल पकडा

नवा डेटाबेस सर्व्हर बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये रजिस्टर करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? उत्तम. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला हात घाला, म्हणजे ऐरोलीहून ठाण्याची लोकल गर्दीच्या आधी मिळेल. डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) मात्र विचारत बसू नका. तो उलट प्रश्न विचारतो.

सुरुवात आयपीने करा. महिन्याभराने दुसरा कुणी तोच सर्व्हर छोट्या नावाने घालेल, तिसरा डोमेनसकट पूर्ण नावाने. मशीन एक, यादीत नोंदी तीन, तिन्हींना वेगवेगळी पॉलिसी, म्हणजे कशाचा बॅकअप कधी घ्यायचा याचे नियम. रिस्टोअरच्या वेळी कुठल्या नोंदीखाली काय सापडतं हे शोधायला पुढच्या माणसाला विरंगुळा. नाव रिझॉल्व्ह होत नसेल, म्हणजे नावावरून आयपी सापडत नसेल, तर होस्ट्स फाइलमध्ये गुपचूप एक ओळ टाकून द्या. डीआर, म्हणजे आपत्तीसाठी राखलेली पर्यायी यंत्रणा, हैदराबादला हलतं, आयपी बदलतो, ओळ तिथेच राहते. क्लस्टर, म्हणजे एकमेकांची जागा घेणाऱ्या मशीनचा गट, असेल तर व्हर्च्युअल नावाच्या भानगडीत न पडता आत्ता जो नोड चालू आहे त्याचीच नोंद करा. फेलओव्हर (काम दुसऱ्या नोडवर जाणं) काय, रोज थोडाच होतो.

लॉगिन तुमचंच द्या. सिसॲडमिन आहे ना, सगळे हक्क असलेलं? मग सॉफ्टवेअरच्या वेगळ्या सर्व्हिस अकाउंटसाठी सिक्युरिटीवाल्यांच्या पाया कोण पडणार! पासवर्डची मुदत संपली की बॅकअप बंद पडेल आणि तुम्ही राजीनामा दिलात की कायमचा बंद पडेल, पण तोवर तुम्ही दुसरीकडे जॉईन झालेले असाल. याहून सोपं हवं असेल तर एजंट, म्हणजे सर्व्हरवर बसणारा बॅकअपचा प्रोग्रॅम, विंडोजच्या लोकल सिस्टिम अकाउंटवर सोडा. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून त्या अकाउंटला सिसॲडमिनचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यामुळे एजंट हिरवागार आणि डिस्कव्हरीत, म्हणजे त्याने शोधलेल्या यादीत, डेटाबेस शून्य. शून्य डेटाबेसचा जॉब चटकन संपतो आणि बऱ्याचदा रिपोर्टात यशस्वी म्हणून छापूनही येतो.

फायरवॉलमध्ये फक्त १४३३ हा एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट मागा. नेम्ड इन्स्टन्स (त्याच मशीनवर वेगळ्या नावाने चालणारा एसक्यूएल सर्व्हर) डायनॅमिक, म्हणजे बदलत्या पोर्टवर बसतो आणि तो पोर्ट सांगणारी ब्राउझर सर्व्हिस यूडीपी १४३४ वर असते, हे पुढच्या चेंज विंडोत कळेलच.

टीडीई, म्हणजे डेटाबेसच्या फाइलींचं एन्क्रिप्शन, चालू असेल तर सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की त्याच सर्व्हरवर राहू द्या, दुसरीकडे कॉपी ठेवू नका. सर्व्हर गेला की बॅकअप असूनही उघडणार नाही.

ओरॅकलवाल्यांसाठी खास. प्रॉडक्शनच्या फाइली हाताने कॉपी करून यूएटी (चाचणीची प्रत) उभी केली असेल तर डीबीआयडी, म्हणजे डेटाबेसचा ओळख क्रमांक, दोन्हीकडे एकच असतो. यूएटी कॅटलॉगमध्ये (बॅकअपच्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये) घालायला गेलात की आरमॅन, म्हणजे ओरॅकलचं बॅकअपचं साधन, एरर २०००२ देऊन म्हणतो, हा डेटाबेस आधीच रजिस्टर्ड आहे. अशा वेळी डीबीआयडी बदलून देणारी एनआयडी ही युटिलिटी अजिबात वापरू नका. सरळ अनरजिस्टर करा आणि परत रजिस्टर करा. कॅटलॉगमधल्या प्रॉडक्शनच्या जुन्या नोंदी जातील. डेटाबेसच्या स्वतःच्या कंट्रोल फाइलमध्ये काय उरेल ते उरेल. तिथे नोंदी टिकण्याची डिफॉल्ट हमी ७ दिवसांचीच आहे.

डेटाबेस निवडताना इन्स्टन्सवर टिक करू नका, एकेका डेटाबेसवर करा. पुढच्या महिन्यात ॲप्लिकेशनवाले नवा डेटाबेस काढतील, तो आपोआप पॉलिसीबाहेर. आणि त्याच्या नावाच्या शेवटी कुणी चुकून एक स्पेस सोडली असेल तर दुधात साखर: व्हीएसएसच्या (विंडोजच्या स्नॅपशॉट सेवेच्या) यादीतून एसक्यूएल रायटर, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरला त्या सेवेशी जोडणारा घटकच गायब होतो आणि तुम्ही दोन दिवस सर्व्हिस रीस्टार्ट करत बसता.

आता एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगचं, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचं. इथे खरं कसब लागतं. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये (लॉग त्याचा बॅकअप होईपर्यंत राखणाऱ्या पद्धतीत) ठेवा आणि पॉलिसी फक्त रात्रीच्या फुल बॅकअपची लावा. लॉगमधली जागा लॉग बॅकअपनेच मोकळी होते, फुल बॅकअपने नाही, हे मनातच ठेवा. फाइल फुगत जाते, महिनाअखेरीला ड्राइव्ह भरतो, लॉग भरल्याची एरर ९००२ येते, ॲप्लिकेशन बसतं, कॉलवर वीस जण जमतात. त्यातला एक उंटावरचा शहाणा मॉडेल सिंपल (लॉग न साठवणारं) करतो, लॉग श्रिंक करतो, जागा झाली म्हणून सगळे सुस्कारा सोडतात. परवाच एका तिकिटावर हा प्रकार ‘कायमस्वरूपी उपाय’ म्हणून लिहिलेला वाचला. कायमस्वरूपी! अरे बाबा, सिंपल केलंस त्या क्षणी सलग लॉग बॅकअपची साखळी तुटली. मॉडेल परत फुल केलंस तरी नवा फुल किंवा डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतरच्या बदलांचा) बॅकअप होईपर्यंत ती सुरूच होत नाही. तोवर लॉगचा प्रत्येक जॉब ‘डेटाबेसचा बॅकअपच नाही’ ही एरर ४२१४ देऊन पडतो आणि तुमच्या इनबॉक्समध्ये त्या मेलला वेगळा फोल्डर आहे, कधीही न उघडलेला. मधल्या वेळात डिस्क गेली तर काल रात्रीच्या बॅकअपवर यायचं आणि आजच्या सगळ्या व्यवहारांना तिलांजली द्यायची. सिस डेटाबेसेस व्ह्यूमध्ये लॉग_रीयूज_वेट_डेस्क नावाचा कॉलम आहे. तिथे ‘लॉग_बॅकअप’ असं लिहिलेलं असतं. लॉग का अडकलाय हे इंजिन स्वतः सांगतंय, आणि तुम्ही स्टोरेजवाल्यांकडे आणखी २०० जीबी मागताय!

लॉग बॅकअप लावलाच, तर जुना मेंटेनन्स प्लॅन (एसक्यूएल सर्व्हरमध्येच लावलेला बॅकअपचा कार्यक्रम) बंद न करता लावतात. नवं सॉफ्टवेअर दर १५ मिनिटांनी लॉग घेतं, जुना प्लॅन दर तासाला. एकाच साखळीच्या काही कड्या बॅकअप सर्व्हरवर आणि काही एका शेअरवर, जो तीन दिवसांनी आपोआप साफ होतो. मग रिस्टोअर मध्येच अडतो आणि सगळे सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडतात. सॉफ्टवेअरने काय करावं? त्याला न दिलेली फाइल ते आणणार कुठून?

मेल जातायत ना, असं म्हणू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा प्रॉडक्शन डेटा चुकून उडाला, तेव्हा पीजी_डम्पचे (पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमचे) बॅकअप होतच नव्हते हे उघड झालं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, डम्प घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, म्हणून तो फसत होता. अपयशाचे मेल निघत होते, पण डीमार्कच्या, म्हणजे मेल खऱ्या पाठवणाऱ्याचा आहे का या, तपासणीत ते नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. तुमच्याकडे तोही नसेल.

पुरे झालं. त्या सर्व्हरवर लोकांचे पगार आहेत, हप्ते आहेत, आणि तुम्ही हिरव्या टिकेचा स्क्रीनशॉट जोडून तिकीट बंद करता? बीकेसीतल्या ऑडिटरला तो पुरतो, कारण त्यालाही लोकल पकडायची असते. तुम्हाला पुरायला नको. सर्व्हिस अकाउंट मागा, नाही म्हणाले तर परत मागा. नोंद एकाच पूर्ण नावाने करा आणि ते नाव सरळ आणि उलट (नावावरून आयपी, आयपीवरून नाव) दोन्हीकडून रिझॉल्व्ह होतंय ना ते बघा. मग दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करा: फुल, त्यावर लॉग, दुपारच्या एखाद्या ठरावीक मिनिटापर्यंत. त्यावर चेकडीबी, म्हणजे डेटाबेस शाबूत आहे का ते तपासणारी कमांड, चालवा. किती वेळ लागला ते लिहा, आणि ॲप्लिकेशनवाल्याला बसवून त्याच्याकडून आकडे तपासून घ्या. एवढं करायला वेळ नसेल तर तिकीट उघडं ठेवा आणि त्यावर ‘रिस्टोअर तपासलेला नाही’ असं लिहा. तेवढं तरी खरं लिहा.