सही करण्याआधी: कंपनी बंद पडल्यावर काय मिळतं, काय नाही

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा अन् जालन्याच्या एमआयडीसीतल्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: कंपनी बंद पडली की सरकारकडून छदामही मिळत नाही, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) म्हणजे नुसता दवाखाना, मालकाने कागद दिल्याशिवाय अर्ज होत नाही, कंत्राटी माणसाला हक्कच नाही, कर्जमाफी फक्त मालकांना. तेव्हा देतील ते घ्या, राजीनाम्यावर सही करा अन् गावाकडे निघा. बीड-परभणीहून येऊन वाळूजजवळच्या रांजणगाव शेणपुंजीत खोली करून राहणाऱ्या पोरांचं यात सरळसरळ नुकसान आहे.

आधी ईएसआय. १५ हजार पगार असेल तर पगारस्लिपवर दरमहा ११३ रुपयांची कपात दिसते. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. हा पैसा फक्त औषधगोळ्यांचा नाही. २०१८ पासून मुदतवाढ मिळत चाललेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. १५ हजारवाल्याला रोजचे २५०, म्हणजे एकूण २२,५००. रक्कम लहान आहे, आयुष्यात एकदाच मिळते, हे खरं. पण तीन महिन्यांचं खोलीभाडं अन् किराणा त्यातून निघतो. शिवाय कारखाना कायमचा बंद झाला किंवा कायदेशीर कामगारकपात झाली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत अटी पूर्ण करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत भत्ता आहे.

मालकाच्या कागदाचं म्हणाल, तर अटल योजनेचा दावा कामगार स्वतः करतो. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की आधार अन् बँक पासबुक घेऊन ईएसआयच्या शाखेत जा.

कंत्राटी कामगाराचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि राग येण्यासारखा आहे. हक्क आहे, ठेकेदाराने पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते. पण अटल योजनेला दोन वर्षांचा विमा लागतो, नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान (ईएसआयचा हप्ता) लागतं, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत पुन्हा ७८ दिवस. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन नव्या ठेकेदाराच्या नावावर चढवलेला पोरगा इथेच अडकतो. जुना विमा क्रमांक सोडून दरवेळी नवा काढला की आधीचा भरणा त्याच्या खात्यात दिसतच नाही. म्हणून क्रमांक एकच ठेवा. ठेकेदार बदलला तरी तोच द्या.

मालकांच्या कर्जमाफीबद्दल: कोविडात २०२० साली आलेली आपत्कालीन कर्जहमी योजना ही बँकेला दिलेली हमी होती. कर्ज उद्योजकालाच फेडायचं होतं. उलट मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपवाल्याचं बिल अडकतं, तेव्हा त्याचे कामगारही अडकतात. कायद्याने त्याचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं. नाही दिलं तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. मोठी ऑर्डर जाईल या भीतीने बरेच जण करत नाहीत.

आता राजीनामा. मेसेजातला सगळ्यात घातक सल्ला हाच. वर्षभर किंवा जास्त सलग काम केलेल्याची नोकरी कामगारकपातीत गेली, तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. सहा वर्षं केलेल्या १५ हजारवाल्याचे हे साधारण ४५ हजार झाले. नव्या संहितेत मालकाने आणखी १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत (कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणूनच्या) भरायचं, आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचं. पण कागदावर ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे’ असं लिहून दिलंत की ती कामगारकपात राहत नाही, आणि हे दोन्ही हातचे जातात.

‘सही केल्याशिवाय हिशेब नाही’ असं कुणी म्हणालं तर कागदाचा फोटो काढा. काम कुणी, कोणत्या तारखेला बंद केलं ते लेखी मागा, आणि सही न करता कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या.