४९ दिवसांत मारलेली ऑपरेटिंग सिस्टिम

फोनवर कोणकोणती ॲप्स चालू आहेत ते बघायचं असेल तर आपण बोट खालून वर सरकवतो. उघडी ॲप्स पत्त्यांसारखी शेजारीशेजारी येतात आणि नको असलेलं वर भिरकावलं की बंद होतं. आज आयफोनवाला हे करतो, अँड्रॉइडवालाही करतो. जानेवारी २००९ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात पाम कंपनीने 'पाम प्री' हा फोन दाखवला, त्यात हे सगळं होतं. त्या फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव वेबओएस. हे आज लिहितोय ते एवढ्यासाठी की टॅबलेटच्या सुरुवातीच्या लढाईचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, आयपॅडसमोर बाकीच्यांकडे दाखवण्यासारखं काही नव्हतंच. होतं. उत्तम होतं. ते चालवायचा धीर त्यांच्या मालकांकडे नव्हता.

आधी काळ आठवू या. २७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्सनी आयपॅड दाखवला, ३ एप्रिलला तो अमेरिकेत विक्रीला आला आणि पहिल्या २८ दिवसांत दहा लाख खपले. किंमत ४९९ डॉलरपासून, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण २२ हजार रुपये. एवढी खळबळ उडाली की प्रत्येक मोठ्या कंपनीला वर्षभरात आपला टॅबलेट हवाच होता.

त्याच एप्रिलमध्ये एचपीने पाम १२० कोटी डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. एचपी तेव्हा जगातली सर्वांत मोठी पीसी कंपनी होती. तिला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम मिळाली आणि सोबत जॉन रुबिन्स्टीन मिळाले, ॲपलमध्ये आयपॉडचं काम पाहिलेले. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही एकाच छताखाली हे ॲपलचं बळ होतं. ते आता आणखी एका कंपनीकडे आलं होतं आणि तिच्याकडे पैसाही भरपूर होता.

पण पाम विकत घेण्याचा निर्णय ज्यांच्या काळात झाला ते एचपीचे प्रमुख मार्क हर्ड ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीतून बाहेर पडले. त्यांच्या जागी लिओ अपोथेकर आले. ते सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीतून आलेले, बहुतेक कारकीर्द मोठ्या उद्योगांच्या सॉफ्टवेअरमध्ये. मार्च २०११ मध्ये त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षापासून एचपीच्या प्रत्येक पीसीवर वेबओएस असेल. हे वाक्य लक्षात ठेवा.

१ जुलै २०११ ला टचपॅड आला, वेबओएसवर चालणारा एचपीचा टॅबलेट. ९.७ इंची पडदा, रेझोल्यूशन आयपॅडइतकंच, किंमतही आयपॅडइतकीच, ४९९ डॉलर. त्याच्यात उणिवा होत्या, त्या झाकायचं कारण नाही. तो १३.७ मिलिमीटर जाड होता आणि चार महिन्यांपूर्वी आलेला आयपॅड २ अवघा ८.८ मिलिमीटरचा. सुरुवातीला तो अडखळत चालायचा. खास टचपॅडसाठी लिहिलेली ॲप्स होती तीनशेच्या आसपास, तर आयपॅडसाठी ६५ हजार आहेत असं ॲपलने मार्चमध्येच सांगितलं होतं. पण एकाच वेळी चार कामं करणं, एका कामाची पानं एका गठ्ठ्यात ठेवणं, वेगवेगळ्या खात्यांवरचे निरोप आणि संपर्क एकत्र दिसणं, या बाबतीत वेबओएस त्या वेळच्या आयओएसच्या पुढे होती. ऑगस्टच्या सुरुवातीला अपडेट आलं आणि वेगही सुधारला. किंमत शंभर डॉलरने उतरली. गाडी रुळावर येत होती.

१८ ऑगस्टला एचपीने टचपॅड बंद केल्याचं जाहीर केलं. बाजारात येऊन ४९ दिवस झाले होते.

त्याच दिवशी आणखी दोन घोषणा झाल्या. पीसीचा अख्खा व्यवसाय वेगळा काढायचा विचार चालू आहे, ही एक. ऑटोनॉमी नावाची ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी सुमारे हजार कोटी डॉलरला घेतोय, ही दुसरी. दुसऱ्या दिवशी एचपीचा शेअर वीस टक्के कोसळला. २२ सप्टेंबरला अपोथेकर यांनाच घरी जावं लागलं. पीसी व्यवसाय एचपीने ठेवला. ऑटोनॉमीपायी पुढच्या वर्षी ८८० कोटी डॉलरची तूट हिशोबात दाखवावी लागली. पीसीचा निर्णय फिरला, ऑटोनॉमीचा अंगाशी आला, आणि मेली मात्र वेबओएस. ज्या इंजिनिअरांनी ती घडवली, ज्या डेव्हलपरांनी पदरचा वेळ घालून तिच्यासाठी ॲप्स लिहिली, त्यांचा यात काय दोष होता? मार्चमध्ये 'प्रत्येक पीसीवर' असं ऐकून ज्याने काम सुरू केलं, त्याला ऑगस्टमध्ये काय उत्तर द्यायचं? सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस म्हणून मला हे आजही पटत नाही.

आणि मग जे झालं ते तर डोळे उघडणारं होतं. उरलेला माल काढायला एचपीने टचपॅड ९९ डॉलरला लावला आणि अमेरिकेत दुकानांतून आणि वेबसाइटवरून तो बघता बघता संपला. मागणी इतकी की बंद केलेल्या वस्तूची आणखी एक खेप बनवावी लागली. लोकांना आयपॅडच हवा होता म्हणता ना? लोकांना टॅबलेट हवा होता, त्यांच्या खिशाला झेपणारा. हा धडा ॲमेझॉनने बरोबर गिरवला. नोव्हेंबर २०११ मध्ये किंडल फायर आला १९९ डॉलरला, नफा पुस्तकं आणि सिनेमांतून काढायचा हे ठरवून. पुढच्या वर्षी गूगल आणि आसूसचा नेक्सस ७ आला, तोही १९९ ला. ॲपल सोडून बाकीच्यांचा बाजार खऱ्या अर्थाने उघडला तो तिथून.

बाकीच्या कंपन्यांनी २०११ मध्ये केलं काय, तर अर्धवट वस्तू पूर्ण किमतीला विकली. मोटोरोलाचा झूम हा हनीकोंबवरचा, म्हणजे खास टॅबलेटसाठीच्या अँड्रॉइडवरचा, पहिला टॅबलेट, किंमत ८०० डॉलर. मेमरी कार्डाची खाच होती पण सुरुवातीला ती चालतच नव्हती. फोर-जी हवं असेल तर टॅबलेट कंपनीकडे परत पाठवायचा! ब्लॅकबेरीचा प्लेबुक तर मला कधीच कळला नाही. ज्या कंपनीने जगाला खिशातल्या ई-मेलची सवय लावली, तिच्या टॅबलेटमध्ये ई-मेल नव्हता. ब्लॅकबेरी फोन जोडा, मग त्यातला ई-मेल पडद्यावर दिसेल, असा मामला. स्वतःचा ई-मेल यायला फेब्रुवारी २०१२ उजाडला, आणि तोवर कंपनीने न खपलेल्या प्लेबुकांपायी ४८.५ कोटी डॉलर बुडीत दाखवले होते. त्यातली क्यूएनएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कच्ची अजिबात नव्हती, ती आजही असंख्य मोटारगाड्यांत चालते. सॅमसंगने २०१० मध्येच सात इंची गॅलेक्सी टॅब काढला, पण त्यात फोनसाठीचं अँड्रॉइड २.२ होतं, आणि ते टॅबलेटसाठी बनवलेलंच नाही असं गूगलचीच माणसं सांगत होती.

ॲपलही प्रत्येक बाबतीत बरोबर नव्हतं. सात इंची टॅबलेट जन्मतःच मेलेले आहेत, असं जॉब्सनी ऑक्टोबर २०१० मध्ये ठासून सांगितलं होतं. दोन वर्षांनी ॲपलनेच ७.९ इंची आयपॅड मिनी काढला. पण ॲपलने जे विकलं ते पहिल्या दिवसापासून चालत होतं आणि ज्याने घेतलं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. माझ्या मते आयपॅडच्या यशातला हा मोठा भाग आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आपल्याकडची गोष्टही याच रांगेतली. ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा टॅबलेट आणला. डेटाविंडने बनवलेला, सरकारला २,२७६ रुपयांना पडणारा. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, दाबून चालवायचा रेझिस्टिव्ह पडदा आणि तेच अँड्रॉइड २.२. त्या आवृत्तीत देवनागरीचा फाँटसुद्धा नव्हता, मराठी पान उघडलं की चौकोन दिसायचे. ज्या विद्यार्थ्यांसाठी तो होता त्यांच्यातल्या कितीतरी जणांची भाषाच त्यावर उमटत नव्हती! जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून कौतुक झालं, पण आतली सिस्टिम काय दाखवू शकते हा प्रश्न कुणी लावून धरला नाही. सुधारणा झाली ती काम आयआयटी मुंबईकडे आल्यावर. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने पवईत त्यावर काम झालं आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला आलेल्या 'आकाश २' मध्ये एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा आणि अँड्रॉइड ४.० होतं. वर्षभरात एवढा फरक पडू शकतो, कुणीतरी मागे लागून काम केलं तर. टचपॅडला असं एक वर्षसुद्धा मिळालं नाही.

वेबओएसचं पुढे काय झालं? २०१३ मध्ये ती एलजीने घेतली. तुमच्या घरात एलजीचा स्मार्ट टीव्ही असेल तर बहुधा तो त्याच वेबओएसवर चालतो. तिचं रूप घडवणारे मातियास दुआर्ते २०१० मध्येच गूगलमध्ये गेले होते, हनीकोंबची आणि पुढच्या अँड्रॉइडची रचना त्यांच्या हाताखाली झाली. आणि टचपॅड? एचपीने त्याला पक्कं कुलूप घातलं नव्हतं, म्हणून सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडची मोफत आवृत्ती बनवणाऱ्या हौशी डेव्हलपरांनी काही महिन्यांत त्यावर अँड्रॉइड चढवलं. पुढची कित्येक वर्षं लोक फुकट काम करून त्याला नवनव्या आवृत्त्या देत राहिले. ९९ डॉलरला घेतलेली ती वस्तू कंपनीने सोडल्यावरही कामाची राहिली.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. टॅबलेट असो, फोन असो, टीव्ही असो, कंपनी अपडेट थांबवणार असेल तर त्या दिवशी तिने बूटलोडर, म्हणजे कोणती सिस्टिम चालू द्यायची हे ठरवणारं कुलूप, उघडा करून द्यावा. वस्तूचे पैसे आपण मोजलेले असतात.

तुमच्यापैकी कुणी 'आकाश' किंवा 'आकाश २' कॉलेजात वापरला असेल, शिक्षक म्हणून किंवा विद्यार्थी म्हणून, तर त्यावर प्रत्यक्षात काय शिकवलं आणि काय शिकलात ते खाली जरूर लिहा. मला मनापासून वाचायचं आहे.