‘रेकॉर्ड कोणी फेकत नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

‘घरबसल्या शहाणपण शिकवू नका. आयुष्यात एक तरी रेकॉर्ड विकत घेतलीय का?’ गाण्यांच्या रेकॉर्ड बनवताना होणाऱ्या प्रदूषणावर मी लेख लिहिला, त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेची ही सुरुवात. मुद्दा मांडायला या सुराची काय गरज होती? विचारलंच आहेत तर सांगतो. वडिलांच्या रेकॉर्ड पुसत मी लहानाचा मोठा झालो. पहिल्या पगारातून टर्नटेबल घेतला, आजही कपाट भरलेलं आहे. या तबकड्यांवर जीव नसता तर त्या कशा बनतात याच्या खोलात मी शिरलोच नसतो.

आता तुमचं ते वाक्य: ‘रेकॉर्ड कोणी कचऱ्यात टाकत नाही, मग प्रदूषण कसलं?’ अहो, कचरा हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता! लेख नीट वाचलात का? रेकॉर्ड तुमच्या हाती पडण्याआधी जे घडतं, त्याबद्दल मी लिहिलं होतं. ती पीव्हीसी या प्लास्टिकची असते. पीव्हीसी बनतं व्हिनाइल क्लोराइड या वायूपासून आणि त्याने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. १९७४ साली अमेरिकेत लुईव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांमध्ये यकृताचा अतिशय दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा ते जगापुढे आलं. नंतर नियम कडक झाले, कच्चा माल मात्र तोच राहिला.

पुढे प्रेसिंग, म्हणजे साच्यात दाबून रेकॉर्ड घडवणं. पीव्हीसी मऊ करायला वाफ, वाफेसाठी बॉयलर, साचा थंड करायला पाणी. आणि स्टँपर, म्हणजे रेकॉर्डवर खाचा उमटवणारी धातूची चकती, घडतो निकेलच्या विद्युतविलेपनातून, म्हणजे विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवून. तुम्ही ती तबकडी पन्नास वर्षं जिवापाड जपलीत तरी यातलं काहीही पुसलं जात नाही.

१८० ग्रॅमच्या जाड रेकॉर्डचं तुम्ही भरभरून कौतुक केलंय. सुई फिरते ती पृष्ठभागावरच्या खाचेतून. रेकॉर्ड जाड केली म्हणून खाच खोल होत नाही. १२० ग्रॅमवर मावणारं संगीत दीडपट पीव्हीसी खर्चून विकायचं, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

जुनी, वापरलेली रेकॉर्ड घेतली तर नवं प्लास्टिक लागत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. इंटरनेटवरून गाणी ऐकायला (स्ट्रीमिंगला) लागणारी वीज, विमानप्रवास वगैरे तुम्ही काढलेलं बाकी सगळं विषयांतर आहे, त्यात मी पडत नाही.

मला लावलेला ‘ढोंगी’ हा शब्द मात्र मागे घ्या. प्रेसिंगबद्दल माझ्यापेक्षा वेगळी माहिती असेल तर जरूर लिहा, मी ती इथे ठेवीन. शिवीगाळ असेल तर काढून टाकीन.